रविवारची भक्ती सोमवारच्या काउंटरवर कशी टिकवावी?

प्रश्न : मोंढा_रस्ता

सर्व वडीलधाऱ्यांना आणि बंधुभगिनींना ख्रिस्तात सलाम.

परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे कृषी सेवा केंद्र आहे. दुकान वडिलांनी सुरू केले आणि गेली अकरा वर्षे ते मी सांभाळतो. आमचे घर चार पिढ्यांपासून ख्रिस्ती आहे. आजोबा गावोगाव पायी फिरून सुवार्ता सांगत, वडील मंडळीचे खजिनदार होते, आणि मी रविवारी उपासनेत पेटी वाजवतो. हे सारे एवढ्यासाठी सांगितले, की पुढचा प्रश्न विश्वास उडालेल्या माणसाचा आहे असे कोणी समजू नये. विश्वास आहे, परंतु तो रविवारी दुपारी पेटीबरोबर खोक्यात बंद होतो आणि थेट पुढच्या रविवारी बाहेर निघतो, असे मला या हंगामात फार जाणवू लागले आहे.

मृगाचा पाऊस पडला, की शेतकरी सकाळी सहा वाजल्यापासून शटरपुढे येऊन बसतात आणि दुकान बंद व्हायला रात्रीचे दहा वाजतात. आमच्या घरी रोज आठ वाजता सायंप्रार्थना होत असे. वडील होते तोवर ती एकही दिवस चुकली नाही. आता ती पत्नी आणि मुले उरकून घेतात, कारण मी घरी पोहोचतो तेव्हा मुले झोपलेली असतात. पत्नी ताट वाढते, मी जेवणाआधी डोळे मिटतो, आणि आभार मानायच्या जागी गोदामात किती गोण्या शिल्लक आहेत याची मोजणी मनात सुरू होते.

दुसरी गोष्ट सांगणे अधिक जड जाते. युरियाच्या 45 किलोच्या गोणीची किंमत 266 रुपये 50 पैसे अशी सरकारने बांधून दिलेली आहे आणि त्यात दुकानदाराला सुटते ते फार थोडे. ठोक विक्रेता मात्र 200 गोण्यांबरोबर वाढीच्या औषधाच्या 40 बाटल्या घेतल्याशिवाय गाडी भरत नाही. आमच्या धंद्यात याला लिंकिंग म्हणतात. नियमाने असा जोडमाल कोणाच्या गळ्यात मारता येत नाही, हे मलाही ठाऊक आहे आणि मला तो देणाऱ्यालाही. तरीही त्या बाटल्या शेवटी शेतकऱ्याच्याच पिशवीत जातात, आणि त्या तिथे घालणारा हात माझा असतो.

गेल्या पंधरवड्यात जवळच्या वाडीवरची एक आजी दोन गोण्या न्यायला आली. खुरपे धरून झिजलेला तिचा अंगठा ओळख पटवणाऱ्या पॉस मशीनवर तीन वेळा उमटला नाही. चौथ्यांदा मी तो ओल्या फडक्याने पुसला तेव्हा उमटला. गोण्यांचे 533 रुपये तिने पदराच्या गाठीतून मोजून दिले. मी बाटली पुढे सरकवून आणखी 300 रुपये मागितले, तेव्हा तिने विचारले, "ही घ्यावीच लागती का?" मी "हो" म्हणालो. तिने दुसरी गाठ सोडली. त्याच रविवारी दानार्पणाची थैली माझ्यापर्यंत आली आणि माझा हात खिशात गेला, तेव्हा ती दुसरी गाठ मला आठवली, आणि त्यानंतरचे गीत मी कसे वाजवले ते मला सांगता येणार नाही.

माझे विचारणे दुहेरी आहे. दिवसाचे सोळा तास दुकानात जात असताना माणसाने प्रार्थना कधी आणि कशी करावी? आणि ज्या व्यवहारात असे "हो" म्हणावे लागते, त्यात राहून ख्रिस्ती म्हणून कसे जगावे? दुकान बंद करा, असे उत्तर कृपया देऊ नये. त्यावर दोन कामगारांची आणि माझ्या घरच्या पाच जणांची भाकरी अवलंबून आहे.

उत्तर : निवृत्त_गुरुजी_जालना

प्रिय बंधू, सलाम. आपण पेटी वाजवता हे वाचून आनंद वाटला. आमच्या मंडळीत आता पेटी वाजवणारा उरलेला नाही आणि आम्ही मोबाइलवरच्या सुरांबरोबर गातो.

1972 च्या दुष्काळात मी दहा वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी वाहत असे. आम्हा मुलांना तिथे सुकडी मिळे, म्हणून मीही तिच्याबरोबर जात असे. खडीच्या ढिगापासून रस्त्यापर्यंतचे अंतर असे होते, की डोक्यावर पाटी घेऊन चालताना प्रभूची प्रार्थना सुरू केली तर पाटी ओतण्याच्या वेळी ती बरोबर संपत असे. आईची एक खेप म्हणजे एक प्रार्थना. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" ही विनवणी साधारण बाभळीच्या झाडापाशी येई, हे मला आजही आठवते, कारण मी तिच्या मागून चालत ओठांनी तेच म्हणत असे. तिला अक्षरओळख नव्हती. संध्याकाळी मुकादमाने खेपा कमी लिहिल्या असे वाटले तर ती प्रार्थनांच्या हिशोबाने त्याच्याशी भांडे, आणि बहुधा तिचीच मोजणी बरोबर निघे.

आपल्या भागाला ही रीत परकी नाही. जनाबाईंचे गंगाखेड तर आपल्याच परभणी जिल्ह्यात आहे, आणि गोरा कुंभारांचे तेर धाराशिव जिल्ह्यात. दळण, कांडण आणि चिखल तुडवणे यांतच देवाचे नाव घेतलेल्या त्या माणसांची परंपरा आपल्या वारकरी शेजाऱ्यांनी जपली आहे. आपली श्रद्धा वेगळी असली, तरी हात कामात असताना मन देवापाशी ठेवता येते, हे आपल्याला दुरून शिकून यावे लागत नाही. पहिल्या शतकांतील ख्रिस्ती लोक प्रभूची प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणत, आणि त्यांच्यात गुलाम, मजूर आणि कारागीर मोठ्या संख्येने होते. त्यांना कोणी त्यासाठी सुटी देत नसे.

पवित्र शास्त्रात नहेम्याचे उदाहरण आहे, जे आपल्यासारख्या काउंटरवर उभ्या राहणाऱ्याने विशेष वाचावे. तो पारसाच्या राजाचा प्यालेबरदार होता. राजाने त्याला विचारले, तुझे मागणे काय आहे. आणि दुसऱ्या अध्यायात असे लिहिले आहे, की त्याने स्वर्गीच्या देवाची प्रार्थना केली आणि मग राजाला उत्तर दिले. प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये कितीसा वेळ गेला असेल? राजाच्या लक्षातही आले नसेल. गिऱ्हाईक भाव विचारते आणि आपण तो सांगता, त्यामध्ये तेवढी जागा असते.

जालन्याच्या माणसाने बेथेलची गोष्ट सांगितली नाही, असे सहसा होत नाही, म्हणून तीही सांगतो. ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले रेव्ह. नारायण शेषाद्री यांचा 1843 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. पुढे स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या मिशनतर्फे ते जालन्याला कामास आले, आणि निजाम संस्थानाकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी शहराजवळ एक ख्रिस्ती गाव वसवले, ज्यात पुढे मुख्यतः दलित समाजातून आलेली कुटुंबे राहिली. गावाला त्यांनी बेथेल, म्हणजे देवाचे घर, असे नाव दिले. मला लहानपणापासून यात एक गोष्ट लक्षणीय वाटत आली आहे. ते नाव त्यांनी केवळ प्रार्थनामंदिराला दिले असते तरी चालले असते. परंतु ते संपूर्ण गावाला दिले, घरे, शेते आणि गुरांचे गोठे यांसकट. शास्त्रातला याकोबही उघड्या रानात, धोंडा उशाला घेऊन झोपला होता, तेव्हाच त्या जागेला त्याने ते नाव ठेवले.

आता एक प्रत्यक्ष सूचना करतो. आपल्याकडे उधारीची वही असेलच. दुकान उघडण्यापूर्वी तिचे एक पान उघडावे आणि त्यावरील प्रत्येक नाव घेऊन त्या घरासाठी एक वाक्य प्रार्थना करावी. कोणाच्या मुलीचे लग्न असेल, कोणाचा बैल गेला असेल, ते आपल्याला घरच्या पाळकांपेक्षा अधिक ठाऊक असते. एका पानाला पाच मिनिटे पुरतात.

दुसऱ्या प्रश्नाविषयी आपण आपल्या पाळकसाहेबांशी शांतपणे बोलावे, हे उत्तम.

उत्तर : रात्रपाळी_लातूर

दादा, सलाम. मी परिचारिका आहे आणि महिन्यातले निदान दहा दिवस रात्रपाळी करते. गुरुजींच्या आईंची खेप वाचून मला माझी बेसिन आठवली. आमच्याकडे साबणाने हात धुण्यास 40 ते 60 सेकंद द्यावेत असा दंडक आहे. नवीन मुली घाईने दहा सेकंदांत उरकतात. मी प्रभूची प्रार्थना सावकाश म्हणते आणि ती संपेपर्यंत हात धुते. एका पाळीत असे तीस-चाळीस वेळा होते. त्यातल्या निम्म्या वेळा माझे लक्ष प्रार्थनेत नसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण हात तरी स्वच्छ होतात.

वॉर्डात मी कोणाशी धर्माबद्दल बोलत नाही. अंगावर सलाईन असलेला, कूस बदलायलाही दुसऱ्याची मदत लागणारा माणूस मला "पुरे करा" असे कसे म्हणणार? कोणी आपण होऊन विचारले, की बाई तुम्ही ओठातल्या ओठात काय म्हणता, तर सांगते. एका आजोबांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "मग माझ्या उशाशी उभं राहून म्हणा, मला झोप लागत नाही." ते रोज हरिपाठ म्हणणारे होते. मी उशाशी उभी राहून म्हटले. त्यांना झोप लागली की नाही ते पाहायला मला वेळ मिळाला नाही, कारण शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला धाप लागली.

रविवारी पाळी आली, की उपासना चुकते, आणि मग मंडळीतले एखादे वडील माझ्या सासूबाईंना विचारतात, की सूनबाई हल्ली देवाच्या घरी दिसत नाहीत. सुरुवातीला मला याचे फार वाईट वाटे. प्रभूने शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या, दिवशी वाळलेल्या हाताचा माणूस बरा केला आणि त्यावरून वाद झाला, ते वचन मी एकदा त्या वडिलांना दाखवलेही. त्याचा काही उपयोग झाला नाही.

मुलांविषयी मात्र एक सांगावेसे वाटते. आठची वेळ तुमच्या वडिलांच्या दिवसाला सोयीची होती, म्हणून ती आठची होती. शास्त्रात ती कुठे लिहिलेली नाही. हंगामाचे तीन महिने ती पहाटे साडेपाचला आणा. मुले कुरकुर करतील, धाकटे बहुधा मांडीवरच झोपेल, तरी चालेल. बाबांना प्रार्थना करताना पाहणे आणि बाबांनी प्रार्थना करायला सांगितल्याचे आईकडून ऐकणे यांतला फरक मुलांना बरोबर कळतो. माझ्या घरी हे उलट्या बाजूने घडलेले आहे, म्हणून लिहिते.

उत्तर : हिशोबनीस_बीड

गुरुजींविषयी आणि ताईंविषयी पूर्ण आदर ठेवून लिहितो, की या भावाने विचारलेल्या खऱ्या प्रश्नाला अद्याप कोणी हात लावलेला नाही. वेळ मिळत नाही, हे त्याचे दुखणे आहेच. परंतु त्याची झोप उडवली आहे, ती त्या "हो"ने. पहिल्या दुखण्यावर दोन उत्तम औषधे आली आणि दुसरे पाळकसाहेबांकडे पाठवले गेले. आपल्या मंडळ्यांमध्ये हे नेहमीच होते. प्रार्थना कशी करावी यावर आपण तासभर बोलतो आणि बिल कसे करावे, हे ज्याचे त्याने पाहावे असे समजतो.

मी वीस वर्षे दुकानदारांचे हिशोब लिहितो. माझ्या मते या प्रश्नावर सर्वांत थेट बोललेला माणूस म्हणजे शास्त्रातला संदेष्टा आमोस. तो स्वतः काही याजकघराण्यातला नव्हता. गुरे राखणारा आणि उंबराच्या झाडांची निगा करणारा होता, म्हणजे काउंटरच्या पलीकडच्या बाजूचा. त्याच्या आठव्या अध्यायात असे व्यापारी आहेत, जे शब्बाथ कधी संपतो याची वाट पाहतात, म्हणजे कोठार उघडता येईल, माप लहान करता येईल आणि गव्हाचे भूस विकता येईल. हे लोक शब्बाथ मोडत नाहीत, हे ध्यानात घ्यावे. ते उपासनेला हजर आहेत. आजच्या भाषेत बोलायचे, तर त्यांच्यातला एखादा पेटीही वाजवत असेल. भावाने राग मानू नये. ज्याने स्वतःच ही गोष्ट उघड केली, त्याच्यावर मी आरोप करीत नाही.

आता हिशोब पाहू. बाटलीची छापील किंमत 300 असेल, तर तुम्हाला ती साधारण 220 ला पडत असेल. 40 बाटल्यांचे 8,800 रुपये होतात आणि ते 200 गोण्यांवर वाटले, तर गोणीमागे 44 रुपयांचा भार येतो. गोणीची किंमत बांधलेली असल्यामुळे हा भार किमतीत मिसळता येत नाही, म्हणून तो बाटलीच्या रूपाने शेतकऱ्याकडे ढकलला जातो. यात तीनच शक्यता आहेत. हा भार ठोक विक्रेत्याने सोसावा, तुम्ही सोसावा किंवा आजीने सोसावा. सध्या तो आजी सोसते, कारण तिघांमध्ये तिलाच "नाही" म्हणता येत नाही.

माझा सल्ला मोठा नाही. खोटे बोलणे आणि बाटली विकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या आधी वेगळ्या करा. बाटली काउंटरवर ठेवा, तिचे गुण ठाऊक असतील तर खरे तेवढे सांगा, आणि "घ्यावीच लागते का" असे कोणी विचारले तर "नाही" म्हणा. त्यामुळे बाटल्या पडून राहतील. त्या तोट्याला घाबरून तुम्ही आजवर "हो" म्हणत आला आहात, तेव्हा तो तोटा किती होतो ते एक हंगाम लिहून तरी पाहा. त्याचबरोबर गावातील इतर दुकानदारांना एकत्र करून जोडमालाविरुद्ध कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. एकट्याने दिली, तर तुमची गाडी सर्वांत शेवटी भरली जाईल, हे गृहीत धरा.

आणि जक्कय या जकातदाराची गोष्ट रविवारशाळेत शिकवताना आपण त्याच्या बुटकेपणावर आणि उंबराच्या झाडावर फार वेळ घालवतो. झाडावरून उतरल्यावर तो काय म्हणाला, ते लूकच्या 19 व्या अध्यायात आहे: कोणाचे काही अन्यायाने घेतले असेल, तर ते चौपट परत करतो. हे तो उभा राहून प्रभूला बोलला, आणि किती पट ते सांगून बोलला.

उत्तर : गोदाकाठ_वैजापूर

मी कॅथलिक आहे आणि शेतकरी आहे, म्हणजे या चर्चेतले गिऱ्हाईक. घोगरगावच्या जुन्या मिशनच्या परिसरात आमच्यासारखी पुष्कळ कुटुंबे आहेत.

आमच्या गोठ्यातल्या फळीवर, दावणीच्या वर, अशा सात बाटल्या आहेत. दोन वर्षांत जमल्या. एकीचेही सील फोडलेले नाही, कारण ते औषध कोणत्या पिकाला, किती पाण्यात आणि कधी मारायचे, हे ती देताना कोणी सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही, कारण आम्हाला ती नकोच होती. वडील तिला दंड म्हणतात. "दोन गोण्या आणल्या, एक दंड भरला." दुकानदार आमच्या ओळखीचा आहे, भला माणूस आहे, लग्नाकार्याला येतो. त्याच्यावर आमचा राग नाही. पण त्याने पुढे एखादे औषध खरोखर चांगले आहे असे सांगितले, तरी आम्ही त्यावर विश्वास ठेवत नाही. त्याचा तोटा कोणत्या वहीत लिहायचा, हे हिशोबनीसांनी सांगावे.

प्रार्थनेविषयी आमच्याकडची एक रीत सांगतो. संत इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी आपल्या येशूसंघीयांना दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, आत्मपरीक्षण करण्यास सांगितले होते. आम्ही संसारी माणसे ते रात्री एकदाच करतो. अंथरुणावर बसून दिवस सकाळपासून आठवायचा. कुठे देवाचे आभार मानावेत असे घडले आणि कुठे आपण त्याच्यापासून तोंड फिरवले, ते पाहायचे. आणि उद्याची एकच गोष्ट मागायची. अट एवढीच, की आठवताना माणसांचे चेहरे आठवायचे. "मी लोभी आहे" असे मोघम म्हणण्यास काहीच लागत नाही. "आज बाजारात अमक्याला भेंडी देताना मी खाली जून आणि वर कोवळी ठेवली" असे म्हणताना जीभ अडखळते. प्रायश्चित्त संस्काराला गेलो, की आमचे फादरही हेच विचारतात, की ज्याचे घेतले त्याला परत दिले का. आणि दिले नसेल, तर आधी ते करा म्हणतात.

बाकी शेताविषयी शास्त्रात एक नियम आहे, तो लेवीयच्या 19 व्या अध्यायात: कापणीच्या वेळी शेताचा कोपरान् कोपरा कापू नये आणि सरवा वेचून नेऊ नये, तो गरिबांसाठी आणि परक्यांसाठी सोडावा. रूथ अशीच बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली होती. आमची आई आजही कपाशीची शेवटची वेचणी मजूर बायकांना सोडून देते. हल्ली कापसाला भाव नसतो, तेव्हा तेवढेसे जड जात नाही; भाव चढला, की घरात त्यावरून दरवर्षी भांडण होते आणि ते आईच जिंकते.

उत्तर : निवृत्त_गुरुजी_जालना

हिशोबनीसांचे म्हणणे मी मान्य करतो. दुसऱ्या प्रश्नाला मी बगल दिली. शिक्षक म्हणून अवघड प्रश्न पुढच्या इयत्तेवर ढकलण्याची सवय लागलेली असते, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. वहीवर प्रार्थना करण्याची सूचना मात्र मी मागे घेत नाही.

प्रश्नकर्त्याचे पुढील लेखन : मोंढा_रस्ता

सर्वांना सलाम. तीन आठवडे लिहू शकलो नाही, कारण पेरणीची गर्दी होती आणि लिहिण्याजोगे काही घडलेलेही नव्हते. आता घडले आहे.

गुरुजी, मी आपल्या सूचनेप्रमाणे पहाटे वही उघडून बसलो. पहिली तीन नावे नीट पार पडली. एकाच्या मुलाची परीक्षा होती, एकाची विहीर ढासळली होती, तिसऱ्याविषयी काही सुचले नाही म्हणून फक्त नाव घेतले. चौथ्या नावापाशी अडलो. त्या नावापुढे माझ्याच अक्षरात युरिया चार, बाटली दोन, असे लिहिलेले होते, आणि ते सगळे उधारीवर. त्या माणसाने न मागितलेल्या वस्तूचे 600 रुपये मी त्याच्या नावावर मांडले होते आणि दिवाळीला ते वसूल करणार होतो. त्याच्यासाठी देवाजवळ काय मागावे, हे मला कळेना. पान उलटले, तर पुढेही तेच. त्या दिवशी प्रार्थना तिथेच थांबली, आणि मी या हंगामातली सगळी बिले काढून बसलो. ज्यांनी बाटली आपण होऊन मागितली होती ती नावे वगळून 63 नावे उरली, आणि बहुतेकांकडे एकेक बाटली.

काउंटरच्या काचेवर मी पुठ्ठ्याची पाटी लावली आहे: "युरियाबरोबर दुसरे काहीही घेणे सक्तीचे नाही." पहिल्या दिवशी लोकांना वाटले, की युरियाच संपला आहे. शेजारच्या दोन दुकानदारांनी येऊन, चर्चवाल्याने बाजार बिघडवला, असे सुनावले. त्यांच्यापैकी एकाने मात्र नंतर रात्री फोन करून लेखी तक्रारीवर सही करण्याची तयारी दाखवली, तिसऱ्या कोणाची सही मिळाली तर. ठोक विक्रेत्याने माझी पुढची गाडी 200 वरून 120 गोण्यांची केली आणि त्याचे कारण सांगितले नाही. हिशोबनीसांनी हे आधीच सांगितले होते.

उधारीवरच्या लोकांच्या नावावरून ती रक्कम कमी करणे सोपे गेले, एक रेघ मारली की झाले. ज्यांनी रोख दिले होते त्यांच्याकडे जाणे कठीण होते. आतापर्यंत 19 जणांना 300 रुपये परत केले आहेत. काहींना वाटले, की औषधात काही दोष निघाला आणि सरकारने परत मागवले. त्यांना खरे कारण सांगताना फार वेळ लागला आणि एकाने ते पटल्याचे दाखवलेही नाही. जक्कयाच्या चौपटीचे मी अजून ठरवलेले नाही. प्रत्येकाची एकच बाटली धरली, तरी 63 जणांचे 18,900 होतात आणि त्याची चौपट 75,600. पत्नीला आकडा सांगितला आहे. ती अजून काही बोललेली नाही.

आजीच्या वाडीवर मी गेल्या गुरुवारी गेलो. बाटली तिने दारातल्या जास्वंदीला घातली होती, आणि जास्वंद चांगली वाढलेली होती. मी 300 रुपये पुढे केले, तेव्हा तिने ते दोनदा मोजले, पदराच्या गाठीत बांधले, आणि पुढच्या आठवड्यात युरिया येणार आहे का असे विचारले. मी "कमी येणार आहे" म्हणालो. "मग माझ्या दोन गोण्या बाजूला ठेव," एवढे बोलून ती खुरपायला निघून गेली.

ताई, पहाटेची प्रार्थना सुरू केली आहे. धाकटा आपण म्हणालात तसा मांडीवरच झोपतो.

पाटी लावल्यापासून 31 बाटल्या पडून आहेत. वैजापूरच्या भाऊंचे लिहिणे वाचल्यावर, ज्याला हवी त्याला ती कोणत्या पिकाला आणि किती पाण्यात हे समजावून द्यायचे, असे ठरवले आणि लेबल नीट वाचायला घेतले, तेव्हा मलाही त्यातले निम्मे कळले नाही. बाटल्यांची मुदत येत्या मार्चला संपते. तोवर त्या खपल्या नाहीत, तर हिशोबात कोणत्या खात्यावर टाकाव्यात, हे हिशोबनीसांनी सवडीने सांगावे.